आपल्या बोरघाटाचं खालचं टोक : चौल-रेवदंड्यात पायी

दिवाळीची सुटी लागली की मुंबई-पुण्याची गर्दी लोणावळ्यात येते आणि लोणावळेकर गाडी काढून कोकणात उतरतात. खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग. पुढं काशीद नाहीतर मुरुड. अलिबाग सोडल्यावर सतरा-अठरा किलोमीटरवर रस्ता एका जाड काळ्या भिंतीच्या खिंडारातून आत शिरतो, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून वळणं घेत जातो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडून साळावच्या पुलाकडं निघतो. समोरून एसटी आली तर एकानं मागं घ्यावं लागतं, तेवढ्यात दोन-चार हॉर्न वाजतात. पाच मिनिटांत सगळं मागं पडतं.

ती भिंत म्हणजे रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटाचा तट. आपण ज्यातून जातो ते एक अख्खं शहर होतं, आणि त्याला लागून अलीकडं असलेलं चौल त्याहूनही जुनं. यंदा आम्ही काशीद रद्द केलं, गाडी चौलात लावली आणि दोन दिवस ही दोन गावं पायी फिरलो. घरचे आधी कुरकुरले, नंतर तेच पुढं चालत होते. मावळ-लोणावळ्याच्या वाचकांना हे सांगायचं कारण एवढंच, की चौल हे आपलंच गाव आहे. म्हणजे आपल्या घाटाचं समुद्राकडचं टोक.

आपण कार्ल्याला एकवीरेला जातो. देवळाच्या शेजारच्या चैत्यगृहात जाऊन फोटोही काढतो. पण खांबांवर कोरलेली नावं फारसं कुणी वाचत नाही. त्या लेखांत हे लेणं पूर्ण करणारा भूतपाल नावाचा शेठ आहे, तो वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा. सोपाऱ्याचा एक जण आहे. धेनुकाकटाचे यवन आहेत, एकेका खांबाचा खर्च त्यांनी उचलला. दोन हजार वर्षांपूर्वी इतक्या लांबलांबच्या माणसांनी वेहेरगावच्या डोंगरात पैसे का घालावेत? कारण त्यांचा माल या डोंगराखालून जायचा. जुन्नर, पैठण, तेर या घाटावरच्या पेठा आणि कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं, यांच्या मधे सह्याद्री उभा. तो चढायच्या वाटा मोजक्या आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या परिसरात. बोरघाट सगळ्यांना ठाऊक आहे. राजमाचीच्या पायथ्याला कोंढाणे लेणी आहेत, तीही अशाच वाटेवर. आणि तैलबैलाच्या बाजूला, मुळशी तालुक्यात मोडत असला तरी जो भाग आपण आंबवणे-सालतरमार्गे गाठतो तिथं, वाघजाई आणि सवाष्णी हे दोन घाट पालीच्या बाजूला उतरतात. वाघजाईच्या तळाशी ठाणाळ्याची लेणी आहेत, सवाष्णीच्या तळाशी सुधागड. पाली, नागोठणे आणि मग खाडीनं किंवा पायवाटेनं चौल. लेणी, घाट, किल्ला आणि बंदर ही एकाच रस्त्याची चार ठाणी.

चौलचं नाव कान्हेरीच्या लेखांत 'चेमुल' असं येतं. तिथल्या एका सोनारानं तिकडं दान दिलेलं आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, त्यात कल्याणनंतर लगेच 'सेमुल्ला' आहे. अरबांनी 'सैमूर' केलं, पुढं चेऊल झालं आणि शेवटी चौल. एवढी नावं पालटूनही आवाज तोच राहिला याचं मला नवल वाटतं. आपल्याकडं चाळीस वर्षांत चौकांची नावं तीनदा बदलतात आणि रिक्षावाला चौथंच सांगतो.

फिरायला सुरुवात रामेश्वराच्या देवळापासून करावी. समोर पायऱ्यांची पुष्करणी आहे, सकाळी पाणी अगदी स्थिर असतं. आत सभामंडपाच्या जमिनीत तीन झाकलेली कुंडं आहेत, अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड. पाऊस लांबला, दुष्काळ पडायची वेळ आली की पर्जन्यकुंड उघडायचं अशी गावाची परंपरा. देवळातून बाहेर पडलं की चौलचा स्वभाव कळतो. हे गाव पाखाड्यांत पसरलेलं आहे. चौकाभोवती घरं अशी रचनाच नाही. दगडी गडग्यांमधून अरुंद रस्ता जातो, दोन्ही अंगांना वाड्या, मधेच एखादं कौलारू घर, मधेच एखादं जुनं देऊळ. चालणाऱ्यासाठी याच्यासारखं गाव नाही. गाडीतून बघितलं तर गाव आहे असंही वाटत नाही.

इथं अल-मसुदी नावाचा बगदादचा प्रवासी आला होता, साधारण ९१६ साली. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहारांचं राज्य होतं, राजा झंझ. मसुदीनं लिहून ठेवलंय की सैमूरमध्ये सुमारे १०,००० मुसलमान राहतात. काही ओमान, बसरा, बगदाद, सिराफचे, आणि बरेचसे इथंच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला राजानं त्यांच्यातलाच एक मुखिया नेमला होता. शिवभक्त राजा, त्याच्या बंदरात परदेशी व्यापाऱ्यांची वस्ती, आणि कारभार कसा चालवायचा याची रीतसर सोय. हे अकराशे वर्षांपूर्वीचं आहे. आकडा मसुदीचा आहे, कमीजास्त असेल. पण अशी वस्ती सांभाळल्याशिवाय बंदर चालत नाही हे त्या राजाला कळत होतं, एवढं नक्की.

पुढच्या काळातला हमामखाना चौलात अजून उभा आहे, सराईच्या बाजूला. घुमटाखालची दगड-चुन्याची खोली, वरून झरोक्यातून उजेड, पाणी खेळवायची सोय. बाहेर रानटी झुडपं. आम्हाला शोधायला दोनदा विचारावं लागलं. राजकोटाचं तर नावच जास्त उरलंय, बांधकाम कमी. दमला नसाल तर हिंगळाजच्या डोंगरावर चढा, तिथंही छोटी लेणी आहेत. आणि भोवाळ्याच्या टेकडीवरचं दत्ताचं देऊळ. दत्तजयंतीला इथं मोठी जत्रा भरते.

चौलात उतरलेल्या माणसांपैकी मला सगळ्यात जवळचा वाटतो तो अफनासी निकितीन. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. १४६९ च्या सुमारास तो चौलला उतरला, म्हणजे वास्को द गामाच्या जवळपास तीस वर्षं आधी. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे, विचारलं की दाखवतात. याच्याबरोबर काय होतं? एक घोडा. दख्खनमध्ये चांगली पैदास होत नसे, बहमनी सरदारांना घोडे समुद्रापलीकडून लागायचे, म्हणून घोडा म्हणजे हुकमी धंदा असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. शंभर रूबल त्या एका घोड्यावर गेले. चौलात लोक त्याच्या मागं मागं फिरायचे, गोरा माणूस बघायला. मग तो घोडा घेऊन निघाला. आठ दिवसांत पाली. ही बल्लाळेश्वराची पाली असं मानलं जातं. तिथून घाट चढून वर आला आणि जुन्नरला पोचला, तोवर पावसाळा सुरू झाला आणि तो दोन महिने तिथंच अडकला. चिखल आणि पाणी, असं त्यानं लिहिलंय. जून-जुलैत आपल्याकडं येणाऱ्या पर्यटकाला हेच सांगावं लागतं.

जुन्नरच्या असद खानानं त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदल, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो, अशी अट घातली आणि चार दिवसांची मुदत दिली. निकितीन हबकला. शेवटी खुरासानचा एक ख्वाजा मुहम्मद मध्ये पडला, त्यानं खानाकडं रदबदली करून घोडा सोडवला. परक्या मुलखात, परक्या धर्माच्या माणसानं केलेली ही मदत निकितीननं विसरता लिहून ठेवली नाही, सविस्तर लिहिली. पुढं तो बिदरला गेला. मायदेशी परतताना वाटेत वारला, पण वही पोचली. तिच्यावर १९५७ मध्ये 'परदेसी' नावाचा सिनेमा निघाला, ख्वाजा अहमद अब्बास आणि एका रशियन दिग्दर्शकानं मिळून केलेला. नर्गिस होती त्यात, बलराज साहनी होते. जुन्या पिढीतल्या कुणाला आठवत असेल.

चौलमधून रेवदंड्याच्या कोटाकडं चालत गेलं की दोन राज्यांची हद्द पायाखालून जाते. वरचं चौल निजामशाहीचं, आणि खालचं चौल, म्हणजे खाडीच्या तोंडावरचं रेवदंडा, पोर्तुगीजांचं. १५०८ मध्ये याच खाडीत इजिप्तच्या मामलुक आरमारानं आणि दीवच्या मलिक अयाझनं पोर्तुगीजांना गाठलं. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. बापानं पुढच्या वर्षी दीवला जाऊन सूड घेतला, आणि त्यानंतर अरबी समुद्रावर पोर्तुगीजांना दीर्घकाळ कुणी अडवू शकलं नाही. एवढी मोठी गोष्ट. तिथं आता साळावच्या कारखान्याचे बार्ज उभे असतात.

किल्ला त्यांनी निजामशहाच्या परवानगीनं १५२१ पासून बांधायला घेतला. हळूहळू पूर्ण शहर तटाच्या आत आलं. १५७० च्या शेवटाला मुर्तझा निजामशहा प्रचंड फौज घेऊन आला, कित्येक महिने वेढा चालला, पण रेवदंडा पडलं नाही. पुढं १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी वेढा घातला, तेव्हाही कोट हातचा गेला नाही, पण पोर्तुगीजांचे पुरते धाबे दणाणले. शेवटी चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि त्या दणक्यानं पुढच्या वर्षी, १७४० मध्ये, तहानं रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडं आले. इथल्या भिंतींनी वेढे पचवले, गेलं ते वसईमुळं.

आत काय दिसतं? सगळ्यात आधी सातखणी. नाव सात खणांचं, आज चारच मजले उभे आहेत. लोक बुरूज म्हणतात, पण तो चर्चचा मनोरा, फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चचा. पोफळींच्या डोक्यावरून तो एकदम समोर येतो. डोमिनिकन मठाच्या कमानी, जेझुइटांच्या चर्चच्या भिंती, दरवाजावर कोरलेली राजचिन्हं, वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी घट्ट धरलेले दगड. किनाऱ्याच्या बाजूनं तटाच्या कडेकडेनं चालता येतं, भरतीची वेळ तेवढी विचारून घ्यावी. आतल्या वाड्या खाजगी आहेत. आम्ही प्रत्येक ठिकाणी हाक मारून विचारलं, कुणी नाही म्हटलं नाही. एका वाडीत तर आम्हाला आधी शहाळी मिळाली, मग इतिहास.

वाडीवाले आणि पुरातत्त्व यांचं नातं साधं नाही. संरक्षित वास्तूच्या आजूबाजूला बांधकामाचे नियम कडक असतात, मग घराची डागडुजीही अडते. आपल्याकडं कार्ला-भाजे परिसरातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. भिंत वाचवायची आणि भिंतीजवळ राहणाऱ्यालाही जगू द्यायचं, हा प्रश्न दिल्लीतून सुटत नाही. तरी एक सांगतो. इतकी वर्षं ते चर्चचे अवशेष जे टिकले, ते वाडीवाल्यांनी तिथं चिरेखाण केली नाही म्हणून. फलक लावण्यापुरतं सरकार आलं, आणि बरेच फलक आता वाचता येत नाहीत.

रेवदंड्यात बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉगही आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत, तो हा समाज. बहुतेक कुटुंबं मुंबईला आणि नंतर इस्रायलला गेली, पण आडनावात गाव घेऊन गेली. 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा आठवतात? ते डेव्हिड. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

पुलापलीकडं कोर्लई. किल्ल्याचा डोंगर लांब जिभेसारखा समुद्रात गेलाय, खाली दीपगृह. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला. किल्ल्यावर सगळे चढतात. मला गाव जास्त महत्त्वाचं वाटतं. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, पण गावातल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून घडलेली एक बोली अजून घराघरांत आहे. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसलं आहे. बोलणारे हजाराच्या आसपास, तेही मराठी शाळेत शिकलेले. शेकडो वर्षं कुणी राज्यकर्ता पाठीशी नसताना एक भाषा एका गावानं जपली. आपण हसायचं कारण नाही, पगार, चावी, बटाटा, पाव, घमेलं, इस्त्री, तुरुंग हे आपले शब्दही त्याच जहाजांतून उतरलेत.

मग एवढं बंदर संपलं कसं? लढायांनी संपलं असं म्हणायची सवय आहे, पण लढाया तर आधीही झाल्या होत्या. सतराव्या शतकात इंग्रजांनी मुंबई वसवायला घेतली तेव्हा चौलच्या रेशीम विणकरांना तिकडं बोलावून जागा दिली. व्यापारी गेले, कारागीर गेले. खाडी गाळानं उथळ होत गेली. आणि वर आपल्याकडं रस्ता बदलला. घाटावरचा माल बोरघाटानं पनवेलला आणि तिथून मुंबईला जाऊ लागला. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाटात चाकाच्या गाड्यांचा रस्ता झाला. शिंग्रोबाची कथा आपल्याला पाठ आहे, घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर. १८६३ मध्ये रेल्वे झाली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्या वारला, त्याच्या बायकोनं, अॅलिस ट्रेडवेलनं, काम पुढं नेलं, आणि हजारो मजुरांचे जीव गेले. त्या रेल्वेनं लोणावळा वाढवलं. इंजिनं, रेल्वेचे बंगले, मग हवा खायला येणारे, मग चिक्की. आणि वाघजाई, सवाष्णी या वाटांवर फक्त आसपासचे गावकरी उरले.

म्हणजे लोणावळा चौलच्या जागी आलं. दोन्ही गावं रस्त्यावर जगणारी. रस्त्यानं पालखी फिरवली की चौलचं रेवदंडा होतं आणि रेवदंड्याची वाडी होते.

आणि आता मिसिंग लिंक. खोपोलीजवळ बोगद्यात शिरायचं आणि कुसगावला बाहेर पडायचं, १३ किलोमीटर, घाट नाही, खंडाळा नाही. त्यातला एक बोगदा तर लोणावळ्याच्या तलावाच्या खालून जातो. गाडीतल्या माणसाला वर गाव आहे हे कळायचंही कारण नाही. घाटातले अपघात आणि कोंडी कमी होणार असेल तर विरोध कुणी करू नये, मीही करत नाही. प्रश्न वेगळा आहे. रस्त्याच्या कडेला उभं राहून जे गिऱ्हाईक मिळत होतं ते मिळणार नाही, तेव्हा गावात मुद्दाम यावं असं आपल्याकडं काय आहे? भुशी डॅमवर भिजणं आणि शनिवार-रविवारची कोंडी? लोहगड आता युनेस्कोच्या यादीत आहे, २०२५ मध्ये आला. त्याच यादीत अलिबागसमोरचा खांदेरीही आहे. कार्ला, भाजे, बेडसे इथंच. तरी लोणावळ्यात उतरलेल्या माणसाला पायी फिरवून दोन तासांत हे गाव कसं झालं ते सांगेल अशी सोय नगरपरिषदेकडं नाही, हॉटेलवाल्यांकडं नाही. रेल्वेच्या काळातल्या किती इमारती उरल्यात याची साधी यादी तरी करावी. शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात, त्यातली एक तरी कार्ला आणि चौल अशी जोडून काढावी. सकाळी खांबावरचं दान वाचायचं, दुसऱ्या दिवशी ते पैसे कुठल्या बंदरातून आले ते बघायचं. एसटीनं होण्यासारखं आहे.

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. चौलला एक पूर्ण सकाळ, रेवदंड्याला एक संध्याकाळ, कोर्लईला दुसरा दिवस ठेवा. वाडीत शिरण्याआधी हाक मारा, पोफळीच्या बागेत कचरा टाकू नका, आणि चर्चच्या भिंतींवर आपली नावं कोरू नका, आधीची पुष्कळ आहेत.

आणि एक काम माझं. आंबवणे, सालतर, तैलबैला, घुटके या बाजूच्या जुन्या माणसांकडून वाघजाई-सवाष्णीनं खाली पालीच्या बाजारात जाऊन मीठ, सुकी मासळी डोक्यावर वाहून आणल्याच्या गोष्टी मी मधेमधे ऐकल्या आहेत. ती माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. कुणाच्या घरात आजी-आजोबा असतील, त्यांना किती दिवस लागायचे, मुक्काम कुठं असायचा, मीठ कशाच्या बदल्यात मिळायचं हे विचारून मला कळवा. मी वही घेऊन येतो.